जुन्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी बदलायचीय, मुंबई-ठाण्यात परवडणारा मार्ग कोणता?

इलेक्ट्रिक_मुलुंड:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१७ ची छोटी इलेक्ट्रिक गाडी आहे, ४८ व्होल्टचा लिथियम बॅटरी पॅक, कागदावर साधारण ११ युनिटचा. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण नाव टाकलं की कंपनी चांगली का वाईट यावरच चर्चा जाते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. गाडी नवी असताना एसी लावून सुद्धा नव्वद किलोमीटरच्या आसपास आरामात जायची, आता एसी बंद ठेवून पंचेचाळीस-पन्नासला संपते. त्यापेक्षा त्रास म्हणजे शेवटी शेवटी टक्केवारीवर भरवसाच राहिलेला नाही, ३५ टक्के दिसत असतात आणि ऐरोली पुलाच्या चढावर जरा पाय दाबला की थेट १२, आणि खाली उतरून सिग्नलला थांबलो की परत २० वगैरे दाखवते.

बाकी गाडी एकदम छान आहे. मोटर गुळगुळीत, बॉडीला गंज नाही, वडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे तर त्यांना यात चढायला-उतरायला सोपं पडतं, आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावणारी दुसरी गाडी शोधणं अवघड आहे. म्हणून विकायची इच्छा नाही, आणि विकायला गेलो तरी बॅटरी बघून लोक भंगाराच्या जवळपासचा भाव सांगतात.

वर्कशॉपचं म्हणणं पूर्ण पॅकच बदलायचा, किंमत मागवून सांगतो म्हणाले. बाहेर तीन ठिकाणी विचारलं, एकजण नवीन सेल टाकून सव्वा लाख म्हणाला, दुसरा दोनच्या वर, आणि तिसरा म्हणतो खराब सेल तेवढे बदलू, पंचवीस-तीस हजारात काम होईल. आता एकाच कामाचे भाव इतके वेगळे असतील तर माणसाने काय समजायचं? माझी गरज काय तर ऑफिस ऐरोलीला, कधीतरी बीकेसी, वडिलांचा फिजिओ, आठवड्याचा बाजार, एवढंच. ज्यांनी हे काम करून घेतलंय किंवा जे या लाईनमध्ये आहेत त्यांनी प्लीज सांगा.

सेलपॅक_ठाणे:

दादा, तीन भाव वेगवेगळे आहेत कारण ती तीन वेगळी कामं आहेत. त्यातलं तुम्हाला कुठलं लागणारे ते तिघांनाही माहीत नाही, कारण पॅक कोणी तपासलेलाच नाही. मी या लाईनमध्ये आहे, रिक्षा आणि सोलारचे पॅक बनवतो, गाड्यांचेही येतात, आणि माझं एकच सांगणं असतं, की मोजमाप झाल्याशिवाय कोणालाही ॲडव्हान्स देऊ नका, मला सुद्धा नाही.

आधी घरी फुकटात होणाऱ्या गोष्टी करा. बॉनेटखाली जी साधी १२ व्होल्टची बॅटरी असते ती तपासून घ्या, ती मेलेली असली की गाडी वाट्टेल ते एरर दाखवते आणि माणूस मोठ्या बॅटरीच्या मागे लागतो. टायरमध्ये हवा नीट भरा, चाकं हाताने मोकळी फिरतात का बघा, ब्रेक घासत असेल तर रेंज तिथेच जाते. मग गाडी रात्री पूर्ण १०० टक्के करून दोन-तीन दिवस तशीच प्लगला ठेवा, काढू नका. कारण सांगतो. ४८ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट पॅकमध्ये ३.२ व्होल्टचे १५ किंवा १६ सेल एकामागे एक लावलेले असतात, आणि त्यांची लेव्हल सारखी करायचं काम बीएमएस (म्हणजे पॅकमधलं सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) बहुतेक गाड्यांमध्ये चार्जिंग पूर्ण होत आल्यावरच करतो, तेही अगदी बारीक करंटने. रोज ८० ला प्लग काढत असाल तर ते काम कधी होतच नाही आणि वर्षानुवर्षं सेल पुढे-मागे होत जातात. नुसतं प्लगला ठेवून काही किलोमीटर परत आलेल्या गाड्या मी बघितल्यात.

त्यानंतर मोजायचं. पार्किंगच्या सॉकेटला सबमीटर असेल तर उत्तम, नसेल तर प्लगमध्ये लावायचं एनर्जी मीटर लॅमिंग्टन रोडला मिळतं, फक्त १६ अँपियरचं घ्या, हलकं घेतलंत तर तापेल. गाडीचा चार्ज अगदी खाली आणून मग ० ते १०० एका दमात चार्ज करा आणि भिंतीतून किती युनिट गेले ते लिहा. चार्जरमध्ये दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात तेवढे वजा करा. म्हणजे आठ युनिट गेले तर पॅकमध्ये सातच्या आसपास शिरले, तुमच्या ११ च्या पॅकला ते ६३-६४ टक्के झाले. हा आकडा हातात असला की समोरचा तुम्हाला काहीही सांगून गुंडाळू शकत नाही.

आणि ते ३५ वरून १२ होणं, ते बहुतेक एक-दोन सेलमुळे असतं. या केमिस्ट्रीत व्होल्टेज मधल्या पूर्ण पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं, ३.२-३.३, त्यामुळे बीएमएसला मधे काही कळत नाही, चढावर करंट वाढला की कमजोर सेल एकटा खाली कोसळतो, बीएमएस त्याला वाचवायला घाईने टक्के कमी करतो, भार सुटला की सेल परत वर येतो. गड चढताना अख्ख्या ग्रुपचा वेग सगळ्यात दमलेल्या माणसाच्या हिशोबाने ठरतो तसं आहे, बाकीचे चौदा जण ताजेतवाने असून उपयोग नाही. म्हणून तिसरा माणूस जे म्हणतोय ते अशक्य नाही, पण त्याने पॅक न उघडता भाव कशावरून सांगितला हे त्याला विचारा.

डोंबिवलीकर:

वरचं सगळं मान्य, पण दोन-चार सेल बदलण्याच्या मार्गाबद्दल सावध करतो. माझ्या मामांच्या गाडीत हेच केलं होतं, नवेकोरे सेल जुन्यांमध्ये बसवले, गाडी पळायला लागली, सगळे खूश, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर उरलेल्या जुन्यांपैकी अजून एक बसला, मग परत पॅक खाली उतरवा, परत मजुरी, परत गाडी पंधरा दिवस उभी. पॅक उतरवायला लिफ्ट लागते, दोन माणसं लागतात, ती मजुरी दर वेळेला तेवढीच. माझं मत स्पष्ट आहे, करायचं तर एकदाच पूर्ण नवीन सेल टाका आणि पाच-सहा वर्षं निश्चिंत राहा. सव्वा लाख जास्त वाटतात, पण दोनदा-तीनदा तुकड्या-तुकड्यात करून तेवढेच जातात आणि शेवटी हातात जुनाच पॅक राहतो.

सेलपॅक_ठाणे:

डोंबिवलीकर, मामांच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते अगदी होऊ शकतं, आणि तिथेच मोजमापाचा मुद्दा येतो. कमजोर सेल बदलायचा निर्णय खराब सेलकडे बघून घ्यायचाच नसतो, उरलेल्यांकडे बघून घ्यायचा असतो. प्रत्येक सेलची वेगळी कपॅसिटी टेस्ट करायला लावा, पूर्ण भरून ठरावीक करंटने रिकामा करायचा आणि किती अँपियर-अवर निघाले, म्हणजे सेलमध्ये खरा किती चार्ज मावतो, ते लिहायचं, वेळखाऊ काम आहे, म्हणूनच बरेच जण टाळतात आणि नुसतं मल्टिमीटर लावून हा चांगला हा खराब करतात. उभ्या गाडीत मल्टिमीटरवर खराब सेल सुद्धा ३.२८ दाखवतो, त्यातून काही कळत नाही.

माझा हिशोब असा की उरलेले सगळे ७० टक्क्यांच्या वर असतील आणि एकमेकांच्या जवळ असतील तर दोन-तीन सेल बदलण्यात अर्थ आहे. सगळेच ६० च्या आसपास आले असतील तर एकाही सेलवर रुपया घालू नका, डोंबिवलीकर म्हणतात तसं पूर्णच करा. आणि जुन्यांमध्ये बसवायला नवेकोरे सेल घेऊ नका, त्याच जातीचे, तेवढ्याच कपॅसिटीचे आणि जवळपास तेवढ्याच इंटर्नल रेझिस्टन्सचे (सेलचा आतला विरोध) तपासलेले वापरलेले सेल घ्या. नव्याची जास्तीची कपॅसिटी तशीही कामाला येत नाही, साखळी जुन्यावरच तुटणार, पैसे मात्र नव्याचे जातात.

अजून एक गोष्ट, मुंबईची खास. आपल्या हवेत ओल आणि खार दोन्ही आहे. पॅकचं झाकण कधी उघडून नीट सील केलं नसेल तर बसबारच्या (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) नटांवर आणि सेन्स वायरच्या (बीएमएसला सेलचं व्होल्टेज कळवणारी बारीक वायर) टोकांवर हिरवं चढतं. सांधा खराब झाला की रेझिस्टन्स वाढतो. फक्त एक मिलिओहम वाढला आणि तुम्ही चढावर दीडशे अँपियर ओढलेत तर तिथेच ०.१५ व्होल्ट पडतात, आणि सेन्स वायर जर त्या सांध्याच्या पलीकडे असेल तर बीएमएसला वाटतं सेलच बसला. सेल ठणठणीत असतो. असा सेल खराब म्हणून काढून टाकलेला आणि माझ्या टेबलावर ८० टक्के निघालेला मी बघितलाय, आणि गिऱ्हाईकाने नव्या सेलचे पैसे भरले होते. म्हणून उघडल्यावर पहिलं काम सगळे सांधे साफ करून टॉर्क रेंचने बरोबर मापाला आवळणं, आणि त्यानंतरच टेस्ट.

नेरुळची_ताई:

मी तांत्रिक नाही पण कागदोपत्री बाजू सांगते, कारण याकडे कोणी लक्ष देत नाही आणि नंतर त्रास होतो.

आधी भावाचं. ब्लूमबर्गएनईएफ ही ऊर्जा क्षेत्राचा अभ्यास करणारी संस्था दर वर्षी पॅकचा जागतिक सरासरी भाव काढतं, २०२४ चा ११५ डॉलर प्रति युनिट होता. तुमच्या ११ युनिटला तो लावला तर बाराशे पासष्ट डॉलर, म्हणजे एक लाखाच्या थोडं वर. पण तो भाव लाखो गाड्या बनवणाऱ्यांचा आहे, एक पॅक बनवून घेणाऱ्याला त्या भावात मिळत नाही, वर १८ टक्के जीएसटी. नवीन इलेक्ट्रिक गाडी घेताना जीएसटी ५ टक्के असतो, त्यामुळे बॅटरीलाही तेवढाच असं खूप जण धरून चालतात, पण सुटी लिथियम बॅटरी घेतली की १८. तेव्हा सव्वा लाखाचा भाव जीएसटी धरून आहे का सोडून ते आधी विचारा, आणि धरून असेल तर त्यात कुठल्या मेकचे, कुठल्या ग्रेडचे सेल येणार ते लेखी घ्या. इतक्या कमी भावात नवीन ए ग्रेड सेल, मजुरी आणि टॅक्स कसं बसवलं हे समजून घेतल्याशिवाय हो म्हणू नका. वापरलेल्या सेलवर नवीन वेष्टन चढवून विकतात, वेष्टनाखालचा मूळ क्यूआर कोड खरवडलेला आहे का ते बघायला सांगा.

बिल पक्कंच घ्या. सेलचा मेक, अँपियर-अवर, संख्या, वॉरंटी किती महिने आणि वॉरंटी कशाची, नुसती गाडी चालू राहण्याची का कपॅसिटीची, हे बिलावर हवं. एक वर्षाने रेंज ७० वरून ४० झाली आणि दुकानदार म्हणाला गाडी चालू आहे ना, तर तुमच्या हातात काय?

इन्शुरन्सचं सांगते. बॅटरी वयाने उतरली तर कुठलीच साधी मोटर पॉलिसी पैसे देत नाही, झीज त्यात धरतच नाहीत. पण पॅक बाहेरून बदलल्यावर कंपनीला मेल करून कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. आणि आहे त्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच कपॅसिटीचा पॅक बसवणं वेगळं, आणि मोठा पॅक बसवून गाडीची रचना बदलणं वेगळं. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या गोष्टी बदलण्याबद्दल आहे, त्यामुळे जास्त रेंजच्या मोहाने व्होल्टेज वाढवा, डिकीत अजून एक पॅक टाका असले सल्ले आले तर ऐकू नका. कारच्या पॅकसाठी एआयएस ०३८ नावाचं सुरक्षेचं स्टँडर्ड आहे, पॅक बनवणाऱ्याला त्याबद्दल विचारा, त्याला ते नावच माहीत नसेल तर तिथून निघा.

तुमच्या सोसायटीत इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग असेल तर वर माणसं राहतात, खराब पॅक पेटला तर त्यांचं काय? पंधरा-वीस हजार वाचवण्यापेक्षा हे मोठं आहे, मनापासून सांगते.

बोरिवली_वेस्ट:

माझा प्रश्न जरा वेगळा पण इथेच विचारतो. माझी नेक्सॉन ईव्ही २०२० ची आहे, ३०.२ युनिटची, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. रेंज अजून ठीक आहे पण हा धागा वाचून काळजी वाटायला लागली. बाहेरच्या पॅकवाल्याकडे तपासून घेऊ का?

सेलपॅक_ठाणे:

अजिबात नाही. तुमच्या गाडीला बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे, जे आधी होईल ते, म्हणजे २०२० च्या गाडीला २०२८ पर्यंत वेळ आहे. बाहेर पॅक उघडलात की ती सोडून द्या. सर्व्हिस सेंटरला बॅटरीच्या हेल्थचा रिपोर्ट मागा, प्रिंट काढून ठेवा, आणि वॉरंटी संपायच्या बऱ्याच आधी परत एकदा काढा, शेवटच्या महिन्यात पळापळ करू नका. दुसरे मालक आहात तर वॉरंटी तुमच्या नावावर रेकॉर्डला लागलीय का ते आजच विचारा.

आणि दुसरं, तुमचा पॅक ३०० व्होल्टच्या वरचा आहे. मुलुंडच्या दादांचा पॅक पूर्ण भरला तरी १६ गुणिले ३.६५ म्हणजे ५८.४ व्होल्ट होतो, डीसीमध्ये ६० व्होल्टच्या वर धोकादायक धरतात, त्याच्या खालीच. ३०० व्होल्टच्या पॅकला चुकीचा हात लागला तर माणूस जातो. ते काम इन्सुलेटेड हत्यारं, हातमोजे आणि ट्रेनिंग असलेल्याच माणसाचं आहे. ४८ व्होल्टच्या पॅकला शॉक कमी म्हणून बेफिकीर राहू नका हेही सांगतो, पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर हजारो अँपियर वाहतात आणि पाना तिथेच वितळतो, त्यामुळे अंगठी-कडं काढल्याशिवाय कोणी पॅकमध्ये हात घालत असेल तर त्याला काम देऊ नका.

भांडुपचा_वाचक:

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सगळे पार्ट मिळतात, ॲक्सिडेंटवाल्या इलेक्ट्रिक गाडीचा अख्खा पॅक उचलला तर? कोणी केलंय का? नाहीतर हल्ली बॅटरी भाड्याने पण देतात ना, तसं काही?

डोंबिवलीकर:

भाड्याचं नवीन गाड्यांना आहे. एमजीच्या विंडसर या इलेक्ट्रिक गाडीला २०२४ मध्ये ती स्कीम आली तेव्हा गाडी ९.९९ लाखाला आणि बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये असं होतं. रस्त्यावरच्या जुन्या गाडीला बॅटरी भाड्याने लावून देणारं कोणी माझ्या बघण्यात नाही.

सेलपॅक_ठाणे:

ॲक्सिडेंटच्या गाडीचा पॅक त्याच मॉडेलचा मिळाला आणि मार पुढून बसलेला असेल तर तो खरंच उत्तम माल असतो, मी नाही म्हणणार नाही. भीती पाण्यात बुडालेल्याची आहे. दर पावसाळ्यात हिंदमाता, अंधेरी सबवे, मिलन सबवे, सगळीकडे गाड्या बुडतात आणि नंतर त्याच भंगारात येतात. पॅक आयपी ६७ चा असला तरी त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही सील नवं असताना. रात्रभर पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा पॅक बाहेरून पुसून चकचकीत करून ठेवला तर तुम्हाला ओळखता येत नाही, आतमध्ये सर्किट बोर्डवर मीठ बसलेलं असतं आणि ते काही महिन्यांनी पेटू शकतं. तेव्हा गाडीचा नंबर, इन्शुरन्सचा सर्व्हे रिपोर्ट काही दाखवत असेल तर बघा, नाहीतर स्वस्त आहे म्हणून घरी आणू नका. आणि दुसऱ्या मॉडेलचा पॅक जमवून बसवतो म्हणाला तर नकोच, पुढे सांगतो का ते.

गाडीचा कंट्रोलर, चार्जर आणि मीटर हे सगळे बीएमएसशी कॅन लाईनवर (गाडीतल्या पार्टनी एकमेकांना मेसेज पाठवायची वायर) बोलतात. बीएमएस बदलला आणि गाडीला हवा तो मेसेज आला नाही तर गाडी रेडी होतच नाही, किंवा चालते पण चार्जर सुरू होत नाही, किंवा टक्के कायम चुकीचे. बाहेरच्या कामात पैसे सगळ्यात जास्त इथेच अडकतात, सेल बसवून होतात दोन दिवसात आणि गाडी महिनाभर कॅनच्या मागे उभी. म्हणून सेल बदला, पण कंपनीचा बीएमएस आणि टेंपरेचर सेन्सर आहेत तसेच ठेवा, सेलची संख्या तीच ठेवा, अँपियर-अवर शक्य तितके मूळच्या जवळ ठेवा. उदाहरणार्थ २१० अँपियर-अवरचे १६ सेल म्हणजे ५१.२ व्होल्ट आणि पावणेअकरा युनिट, तुमच्या मूळ पॅकच्या जवळपास. २८० चे टाकले तर रेंज वाढेल असं वाटतं, पण एक सेलच साडेपाच किलोच्या आसपास, जागेत बसवायला पेटी कापावी लागते, आणि बीएमएसचा हिशोब जुन्या अँपियर-अवरवर असल्याने काटा खोटं सांगायला लागतो.

इलेक्ट्रिक_मुलुंड:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी वर्कशॉपमध्ये पण सांगितलं नव्हतं. थोडा उशीर झाला पण सांगितल्याप्रमाणे केलं म्हणून लिहितोय.

आधी १२ व्होल्टची तपासली, ती ठीक निघाली. पहिल्यांदा मोजलं तेव्हा भिंतीतून ७ युनिट गेले. मग सुट्ट्यांना जोडून गाडी प्लगला ठेवली आणि परत मोजलं तर ७.८. म्हणजे नुसतं ठेवून फरक पडला, पण चढावर टक्के कोसळणं चालूच होतं. मग ठाण्यातल्याच एका पॅकवाल्याकडे फक्त टेस्टिंग ठरवून गाडी दिली, दुरुस्तीचं नंतर बघू असं आधीच लिहून घेतलं. त्याने माझ्यासमोर उघडलं. झाकणाच्या एका कोपऱ्यात रबराचं गॅस्केट कडक होऊन तडकलं होतं आणि त्या बाजूच्या तीन-चार सांध्यांवर खरंच हिरवं चढलेलं, फोटो काढलेत. भार देऊन बघितलं तेव्हा १६ पैकी दोन सेल २.८ च्या खाली जात होते. सांधे साफ करून परत आवळल्यावर त्यातला एक एकदम सरळ झाला, बाकीच्यांसारखा. दुसरा नाही झाला, तो खरंच गेलाय, कपॅसिटी बाकीच्यांपेक्षा बरीच कमी. उरलेले सगळे ७३ ते ७८ च्या मधे आहेत. तो म्हणतो एक सेल मॅच करून बदलतो, गॅस्केट नवीन टाकतो, सगळे सांधे साफ करून देतो. टेस्टिंगची फी वेगळी पण सगळं मिळून तिसऱ्या माणसाने न बघता सांगितलेल्या भावापेक्षा कमीच होतंय. करू का?

सेलपॅक_ठाणे:

करा. ७३ ला धरलं तर पॅक ८ युनिटचा झाला, मूळचे नव्वद किलोमीटर धरले तर पासष्टच्या आसपास मिळायला हवेत, ऐरोलीची जा-ये कितीदा तरी आणि बीकेसीची जा-ये सुद्धा एका चार्जमध्ये. आकडे जवळजवळ आहेत ही सगळ्यात चांगली गोष्ट, ७८ आणि ६० असे विखुरलेले असते तर मी नको म्हणालो असतो.

दोन गोष्टी करून घ्या. पॅक बंद करायच्या आधी सोळाही सेल पूर्ण वरच्या लेव्हलला एकत्र आणून घ्यायला सांगा, बीएमएसच्या बारीक करंटवर सोडलं तर महिना जाईल. आणि गॅस्केट टाकल्यावर नुसतं सिलिकॉन फासून देतो म्हणाला तर चालणार नाही, पेटीत थोडी हवा भरून प्रेशर धरतं का ते तुमच्यासमोर दाखवू दे, पाऊस तोंडावर आहे.

डोंबिवलीकर:

एकच सेल आणि बाकी ७३ च्या वर, मग माझीही हरकत नाही. पण दर महिन्याला काही रक्कम बाजूला टाकायला लागा, कारण पूर्ण पॅकचा दिवस येणारच आहे, दोन-तीन वर्षांनी येईल. आणि हे सोळाचे सोळा आकडे तारखेसकट लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला तेच कामाला येतात.

नेरुळची_ताई:

बिलावर बदललेल्या सेलचा नंबर टाकून घ्या. आणि काढलेला सेल तुमच्याकडे परत देत असतील तर घरी आणू नका, गॅलरीत किंवा माळ्यावर तर नकोच. २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमांप्रमाणे तो नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे जायला हवा, नेहमीच्या भंगारवाल्याकडे नाही. पॅकवाला स्वतः पाठवत असेल तर त्याच्याकडून तशी पावती घ्या.

इलेक्ट्रिक_मुलुंड:

हो ताई, पावतीचं बोललो, तो देतो म्हणालाय. काम शनिवारी ठरलंय, सील करायच्या वेळी मी समोर थांबणार आहे. झाल्यावर भिंतीतून किती युनिट गेले तो आकडा आणि सोळाही सेलचा तक्ता इथेच टाकतो, दुसऱ्या कोणाची अशीच गाडी असेल तर त्यांना तुलना करता येईल.